चित्रात दोष नाही

आमच्या वडिलांचे डोळे जात होते तेव्हा मी आठ महिने टीव्ही दुरुस्त करत होतो. हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं, ते कसंही फिरवलं तरी मला टोचतंच, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे जे येणार आहे त्यात माझी बाजू घ्यावी असं फारसं काही नाही. कुणी घेतलीच तर मला त्या माणसाचाही राग येईल.

मी डिजिटल केबलच्या धंद्यात आहे. तुर्भ्याला एमआयडीसीत आमची कंट्रोल रूम आहे. तिथे भिंतभर स्क्रीन लावलेत आणि एकेका स्क्रीनवर चौकटी पाडून शेकडो चॅनेल चालू असतात, आवाज बंद करून. त्यांच्याकडे बघत बसणं हे आमचं काम. कुठे चित्र गोठलं, कुठे चेहऱ्याचे चौकोन झाले, कुठे माणसं अचानक जाडीबुटकी दिसायला लागली, की फोन उचलायचा. नातेवाइकांना वाटतं, ह्याला दिवसभर टीव्ही बघायचा पगार मिळतो. खरं म्हणजे इतक्या वर्षांत मी एक मालिका धड बघितलेली नाही. पण पडद्यावरची बाई किती रेघांत बसवलेली आहे ते दहा फुटांवरून सांगू शकतो.

टीव्हीचं चित्र म्हणजे रेघा. आपलं जुनं चित्र पाचशे शहात्तर रेघांचं, आणि आकार चारास तीन, म्हणजे जवळपास चौकोनी. एचडीचं हजार ऐंशी रेघांचं, सोळास नऊ, आडवं पसरलेलं. फोर-केमध्ये त्याच्या दुप्पट रेघा. लोक काय करतात, तर फोर-केचा टीव्ही आणतात, त्याला जुना बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरने जोडतात, आणि मग ते चौकोनी चित्र दोन्ही बाजूंनी ओढून पडदाभर करतात. का, तर पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत, कडेला काळ्या पट्ट्या कशाला बघायच्या. आमच्या नेरूळच्या सोसायटीत घरोघरी हीच कथा. सगळ्या नट्या सहा महिन्यांच्या गरोदर दिसायच्या आणि कुणाला काही वाटायचं नाही. मी ज्यांच्याकडे चहाला जायचो त्यांच्या टीव्हीचं सेटिंग न विचारता बदलून यायचो. मी निघालो की ते परत ओढून घ्यायचे, हे मला नंतर कळलं.

आमच्या खात्याची तक्रारी मिटवायची एक पद्धत आहे. फॉर्मवर पाच चौकोन असतात. सिग्नल, वायर, बॉक्स, टीव्ही आणि शेवटचा ग्राहक. पहिले चार ठीक निघाले की पाचव्यावर खूण करायची आणि खाली लिहायचं, ‘चित्रात दोष नाही. ग्राहकाला समजावले.’ की तक्रार बंद. मी नवा होतो तेव्हा वरिष्ठांना विचारलं होतं की माणसाला नेमकं काय दिसतंय ते लिहायला जागाच नाही. ते म्हणाले, “त्याला काय दिसतं ते घेऊन आपण काय करणार? आपण दाखवतो काय, ते बघ.” मला ते फार पटलं. अजूनही कधीकधी पटतं, एवढी ती सवय अंगात मुरली आहे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते साताऱ्याकडचे. कांदा-बटाटा मार्केटात मापाडी म्हणून त्यांचा जन्म गेला. गोणी काट्यावर चढायच्या आधी तिचं वजन सांगायचे आणि काटा बहुतेक वेळा त्यांच्यामागून यायचा. त्यांची जीभ त्याहून धारदार होती. मी कॉलेजात असताना सुट्टीत मला वाशीला घेऊन गेले आणि चार हमालांसमोर एक गोण दाखवून म्हणाले, “सांग बगू.” मी पन्नास किलो सांगितलं. भरली चोपन्न. अण्णा हमालांकडे वळून म्हणाले, “आमच्या पोराला नुसतं बगता येतं. दिसत काय न्हाई.” हमाल हसले, त्यातला एक तर खाली बसून हसला. अशा पाच-पन्नास गोष्टी माझ्याजवळ आहेत. त्या मी जपून ठेवल्या होत्या, आणि त्यांचं काय करायचं हे मला टीव्हीने शिकवलं.

कारण टीव्हीतलं अण्णांना काहीच कळायचं नाही. आई गेल्यावर ते दिवसभर त्याच्यासमोर बसायला लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला असा एक विषय मिळाला ज्यात मी मास्तर आणि ते ढ. बॉक्सचा रिमोट कुठला आणि टीव्हीचा कुठला इथपासून त्यांची तयारी. मी प्रत्येक वेळी पहिल्यापासून समजावून सांगायचो, मुद्दाम सावकाश, मतिमंदाला सांगावं तसं. बायको म्हणायची, “अहो, किती छळता.” मी म्हणायचो, शिकवतोय. मला त्यात मजा येत होती. दुसरा शब्द नाही.

पहिली तक्रार खालून सरकणाऱ्या अक्षरांची होती. शेतीच्या कार्यक्रमात पडद्याच्या तळाशी बाजारभाव धावतात, ते अण्णा चुकवत नसत. एके दिवशी म्हणाले, “ही आक्षरं मधीच गिळल्यात. लासलगाव म्हटलं तर नुसतं ला आनि गाव दिसतंय.” मी बघितलं तर लासलगाव पूर्ण होतं. मग मी त्यांना सांगितलं की हे चॅनेल जुन्या दर्जाचं आहे, पाचशे शहात्तर रेघांचं चित्र हा टीव्ही दोन हजारांवर रेघांत ताणतो, त्यात बारीक अक्षरं मार खातात. ऐकून ते म्हणाले, “आसंल.” मी जुना बॉक्स काढून एचडीचा आणला, नवी वायर लावली. फॉर्मवरचे दोन चौकोन संपले.

आठवड्याभरात दुसरी तक्रार. बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडावर काहीतरी बसलंय. “केस दिसत्यात, खांदं दिसत्यात, तोंड धुरकाटलंय.” मी म्हटलं, केबलवाले एका वाटेने जास्त चॅनेल कोंबतात, मग प्रत्येकाच्या वाट्याला माहिती कमी येते, आणि सगळ्यात आधी बिघडतो तो चेहरा, कारण तो हलतो. हे अगदी खरं आहे. त्या दिवशी त्या चॅनेलवर तसं काही झालेलं नव्हतं, हेही खरं, आणि ऑफिसात बसल्या जागी मला ते दिसत होतं. तरी मी घरी येऊन तेच उत्तर दिलं, कारण ते तयार होतं आणि सांगताना छान वाटत होतं.

बायकोने तेव्हाच सांगितलं होतं. भाजी निवडताना, सहज. “अहो, अण्णांचे डोळे दाखवून आणा ना एकदा.” मी म्हटलं, “दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलाय. नवीन भिंगं बसवलीत. डोळे नवेकोरे आहेत त्यांचे.” आमच्याकडे सगळ्यांची हीच समजूत. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याला होऊन होऊन काय होणार, तर मोतीबिंदू. तो काढला की डोळ्याचा विषय संपला. अण्णांचीही तीच समजूत होती. म्हणून तर ते बिचारे टीव्हीची तक्रार करत होते. स्वतःच्या डोळ्याची त्यांनी एकदाही केली नाही.

मग क्रिकेट आलं. रविवारची दुपार होती, समोरच्या फ्लॅटमधले एक आणि वरच्या मजल्यावरचे एक असे दोन गृहस्थ आमच्याकडे मॅच बघायला आले होते. सोसायटीत सगळ्यात चांगलं चित्र आमच्याकडे, असा माझा लौकिक होता. मी कडेच्या पट्ट्या, रेघा, पन्नास अर्धी चित्रं मिळून पंचवीस पूर्ण चित्रं कशी होतात वगैरे सांगत होतो आणि ते दोघे चिवडा खात माना हलवत होते. अण्णा टीव्हीपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसले होते. ते एकदम म्हणाले, “त्या मधल्या दांडक्याला बाक आलाय.”

पाहुण्यांनी बघितलं. मधला स्टंप सरळच होता. एक जण हसला. मला मार्केटातला तो खाली बसून हसणारा हमाल आठवला आणि माझं डोकं फिरलं. माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर, माझ्या पाहुण्यांसमोर अण्णा चित्राला वाकडं म्हणतात म्हणजे काय.

मी ऑफिसच्या बॅगेतून पेन ड्राइव्ह काढला. त्यात आमचं तपासणीचं चित्र असतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी. पडदा कुठे चित्र वाकडं करतोय का ते त्यावरून कळतं. ड्रिंक्स ब्रेक लागल्याबरोबर मी मॅच काढून ती जाळी लावली. म्हटलं, “सांगा आता. कुठली रेघ वाकडी आहे?”

अण्णा स्टुलावरून उठले, पडद्याजवळ आले. बराच वेळ बघत राहिले. मग बरोबर मधोमध बोट ठेवलं. “ही हितली. पान्यात काठी दिसती तशी. आनि ह्याच्या शेजारी तर रेघच न्हाई. पुसल्यागत हाय.”

“पुसल्यागत.” मी पाहुण्यांकडे बघून म्हटलं. मग मी घरातली स्टीलची पट्टी आणली, ती त्या रेघेवर धरली, अण्णांचं बोट पकडलं आणि पट्टीच्या कडेने वरून खाली फिरवलं. “सरळ आहे की नाही?”

“हाताला सरळ लागतंय.”

“मग?”

“डोळ्याला वाकडं दिसतंय.”

इतकं स्वच्छ सांगितलं त्यांनी. त्याहून स्वच्छ कुठला रोगी सांगणार? आणि मी विचारलं, “म्हणजे टीव्ही बरोबर आहे ना?”

“टीवी बरोबर आसंल.”

“मग झालं तर. जन्मभर काटा वाचलात अण्णा, एक रेघ सरळ वाचता येईना?”

दोघेही पाहुणे हसले. अण्णा स्टूल उचलून बाजूला सरकले. मॅच सुरू झाली होती, दोन चेंडू आमचे त्या जाळीपायी चुकले आणि त्याबद्दल मी पाहुण्यांची माफी मागितली. मनातल्या मनात फॉर्म भरून झाला होता. चित्रात दोष नाही, ग्राहकाला समजावले. त्या दिवशी मी खूश होतो हेही लिहून ठेवतो. जेवताना एक पोळी जास्त खाल्ली.

त्यानंतर अण्णांनी तक्रार केली नाही. एकदाही नाही. मी ते माझं यश समजलो. त्यांनी खुर्ची टीव्हीच्या समोरून काढून कडेला नेली आणि मान तिरकी करून बघायला लागले. मी म्हणायचो, “टीव्ही बघताय की शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर?” आता कळतं की एका डोळ्याचं मधलं गेलं होतं, दुसऱ्याचं धुरकटत होतं, कडेचं उरलं होतं, आणि त्या उरलेल्या कडेत चित्र पकडायची त्यांची ती खटपट होती. त्यांना ती कुणी शिकवली नव्हती.

काही महिने असे गेले. मग एके दुपारी बायको बाजारातून आली, बेल वाजवली, अण्णांनी दार उघडलं आणि समोर उभ्या असलेल्या सुनेला विचारलं, “कोन पायजे तुमाला?” ती म्हणाली, “अण्णा, मी.” आवाजावरून त्यांनी ओळखलं आणि ओशाळून आत गेले. तिने मला हे सांगितलं नाही. मी काय उत्तर देईन ते तिला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेल्यावर तिने रिक्षा केली आणि अण्णांना वाशीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथून फोन केला, “इकडे या.” बास, एवढंच बोलली.

मी पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई अण्णांच्या हातात एक कागद देत होत्या. तळहाताएवढा, त्यावर काळ्या रेघांची जाळी, मधे एक ठिपका. त्या कागदाचा उपयोग काय, हे त्यांनी सांगायच्या आधी मला समजलं. मी आपल्या हाताने घरी हीच तपासणी केली होती, पांढऱ्यावर काळ्याऐवजी काळ्यावर पांढऱ्या रेघांची, चांगल्या मोठ्या पडद्यावर, दोन साक्षीदार बसवून. उत्तरही बरोबर आलं होतं.

“आजोबा, डावा डोळा झाका. ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?”

अण्णांनी मान वळवून, तिरकं बघून मला शोधलं. मग विचारलं, “सांगू का?”

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. त्यांना वाटलं म्हातारा घाबरलाय. मी मान डोलावली, ती त्यांना दिसली नसावी, कारण ते तसेच थांबले. शेवटी बायको म्हणाली, “सांगा, अण्णा.” मग त्यांनी सांगितलं. उजव्या डोळ्याने मधल्या रेघा धुरकट, वाकड्या. डाव्याने मधे काहीच नाही, पुसल्यागत.

मग मशिनवर डोळ्यांच्या आतले फोटो काढले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर तिथे व्रण होतो. डाव्या डोळ्यात तो होऊन वाळलाय, तिथे आता काही करता येणार नाही. उजव्यातही पाझर आहे, पण व्रण अजून झालेला नाही, आणि उजवा वाचवायचा आहे. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील.

“तक्रार कधीपासून आहे?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “पंधरा-वीस दिवस.”

बायकोने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाई फोटोकडे बघत म्हणाल्या, “एवढा व्रण पंधरा दिवसांत होत नाही.” त्यावर मी म्हटलं, “वय झालंय ना. ते नीट सांगत नाहीत.” अण्णा मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी मला खोटं पाडलं नाही. पाडलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्या खोलीत तरी कुणीतरी खरं बोललं असतं.

पहिली तीन इंजेक्शनं महिन्या-महिन्याने झाली. डोळा बधिर करून सुई आत घालतात. अण्णा खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे आणि बाहेर आल्यावर चहा मागायचे. तिसऱ्या वेळी फोटो बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा सैल झाला. “उजवा छान कोरडा झालाय. आता दोन महिन्यांनी या. पण मधे हा कागद रोज सकाळी बघायचा, चष्मा लावून, डावा डोळा झाकून. रेघ जरा जरी वाकडी वाटली तर त्याच दिवशी इथे. दुसऱ्या दिवशी नाही.” शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या.

मी ती जबाबदारी अंगावर घेतली. म्हणजे बायकोच्या हातातून काढूनच घेतली. ती म्हणाली होती, मी विचारत जाईन, मला माणसासारखं विचारता येतं. मी म्हटलं, हे माझ्या कामातलं आहे. कपाटाच्या दारावर अण्णांच्या डोळ्यांच्या उंचीला कागद चिकटवला, उजेड कुठून येतो ते बघून जागा ठरवली. एक वही केली, तारीख आणि समोर खूण. रोज आंघोळ झाली की अण्णांना तिथे उभं करायचो, माझ्या तळहाताने त्यांचा डावा डोळा झाकायचो आणि विचारायचो, “कशा आहेत?”

“सरळ.”

की खूण. मग डबा उचलायचा आणि खाली ऑफिसची गाडी गाठायची. ऑफिसात मी सगळ्यांना सांगायचो की वडिलांच्या डोळ्याचं रोज मॉनिटरिंग चालू आहे. लोक म्हणायचे, आजकाल कोण एवढं करतं. मला ते गोड लागायचं. मी प्रायश्चित्त करत होतो आणि ते रोज एका मिनिटात उरकत होतं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी अण्णा म्हणाले, “आज जरा...”

“जरा काय?” मी म्हटलं. गाडी खाली आली होती, हॉर्न वाजत होता. “नीट बघा. चष्मा पुसलाय का? बघा, केवढा डाग आहे.” मी चष्मा काढून माझ्या रुमालाने पुसला, परत नाकावर चढवला, कागदाची एक कड सुटली होती ती दाबून बसवली, त्यांना खांद्याला धरून पुन्हा समोर उभं केलं. “आता?”

अण्णा म्हणाले, “आता सरळ.”

मी खूण केली. चष्म्याचा डाग वेळेवर दिसला म्हणून स्वतःला शाबासकीही दिली.

त्यानंतर रोज ‘सरळ’. कधी कधी मी तळहात डोळ्यावर ठेवायच्या आधीच ते म्हणायचे. मी त्यांना रागवायचो, आधी बघा मग सांगा. मग ते बघायचे आणि सांगायचे. वहीची पानं खुणांनी भरली, एकसारख्या, सुबक. माझं अक्षर चांगलं आहे.

दोन महिन्यांनी मी एकटाच त्यांना घेऊन गेलो. बायकोला त्या दिवशी जमणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि खुर्ची मागे सरकवली. उजव्या डोळ्यात पडद्याखाली रक्त साठलं होतं. आजचं नाही, काही आठवड्यांचं. “कागद बघत होता ना रोज?” मी वही पुढे केली. त्यांनी चार-पाच पानं उलटली.

“हे कोण लिहायचं?”

“मी.”

“आजोबा, तुम्हाला रेघा सरळ दिसायच्या?”

अण्णा म्हणाले, “आता काय त्याचं, बाई.”

डॉक्टरीणबाईंनी वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, आणखी इंजेक्शनं देऊन बघू, पण मधलं आता परत येईल असं वाटत नाही. कडेचं राहील. घरात वावरता येईल, ताटातलं चाचपून खाता येईल. वाचणं, चेहरे ओळखणं हे धरून चालू नका. ती बाई बिचारी शक्य तितक्या हळू बोलत होती. मी तिच्याशी नीट बोललोही नाही. काउंटरवर पुढची तारीख घेतली आणि अण्णांना रिक्षात बसवलं.

शिरवण्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली. मग मी विचारलं, “वाकड्या कधीपासून दिसत होत्या?”

“ते रं... तू चष्मा पुसलास बग, तवापास्नं.”

“आणि रोज मला सरळ सांगत होतात?”

“व्हय.”

“का?”

अण्णांनी तोंड माझ्याकडे वळवलं. लपवण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं, राग नव्हता, टोमणाही नव्हता. टोमणा असता तर मला तो ओळखता आला असता, त्यांच्या टोमण्यांवरच मी वाढलो. भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं. “सरळ म्हटलं की तू कामाला जायचास. वाकडं म्हटलं आसतं तर समजावत बसला आसतास.”

तेव्हा खरं म्हणजे मी रिक्षातून खाली उतरून कुठेतरी तोंड लपवायला हवं होतं. मला राग आला. अण्णांचाच आला. मी ओरडायला लागलो. डोळा गेला तुमचा, कळतंय का, एक शब्द बोलला असतात तर वाचला असता, पोरखेळ आहे का हा, डॉक्टर काय म्हणाली होती, त्याच दिवशी या म्हणाली होती, मी रोज विचारत होतो ना, रोज, एक दिवस चुकवला का मी? सिग्नल हिरवा झाला होता आणि रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत तसाच थांबला होता. मागचे हॉर्न देत होते.

अण्णांनी हात पुढे करून माझा गुडघा शोधला. त्यावर दोनदा थोपटलं आणि मला गप्प करायला घाईघाईने म्हणाले, “बरं, बरं. सरळ हाय रं. समदं सरळ हाय. जा तू कामाला.”